कोंबडीचं गळू पिकत नाही

आषाढातली सकाळ होती. खळ्यात पावसाची धार लागलेली, म्हणून कणी पडवीतच टाकली. आठ कोंबड्या आणि कोंबडा धावत आले. नववी, कवडी, आली नाही. एरवी दाण्यांवर पहिली चोच तिची असते, बाकीच्यांना अंगानेच बाजूला सारते. त्या दिवशी ती गोठ्याच्या दारात उजवा पाय पोटाशी घेऊन उभी होती. दोन उड्या मारायची, थांबायची, पुन्हा पाय वर.

शेजारच्या काकींनी गडग्यापलीकडूनच निदान केलं. "काटो लागलो आसतलो गो. रुयचो चीक घाल, बरी जातली."

पुढचे सहा-सात आठवडे मी वहीत रोज दोन ओळी लिहिल्या. कुठल्या दिवशी काय केलं, सूज किती, खाल्लं का, अंडं दिलं का. त्या वहीवरून हे प्रकरण लिहिते आहे. त्यातले पहिले नऊ दिवस बरेचसे माझ्या चुकांचे आहेत. तेही लिहिते, कारण त्याच चुका आमच्या वाडीत घरोघर होताना पाहिल्या आहेत.

रुग्ण

कवडी म्हणजे रंगाने कवडी, ठिपक्याठिपक्यांची. जातीने गिरिराज, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या जातीची. वय चौदा महिने. बाजाराच्या पिशवीत बसवून ताणकाट्याला अडकवली तर वजन भरलं ३ किलो १०० ग्रॅम. माझ्या बाकीच्या कोंबड्या गावठी, त्यातली सगळ्यात थोराड दीड किलोची. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला, पण त्या दिवशी मी तो नुसता वहीत लिहून ठेवला.

तुरा लाल होता, डोळे स्वच्छ, विष्ठा नेहमीसारखी. दोन दिवसांपूर्वीच अंडं दिलं होतं. म्हणजे कोंबडी आजारी नव्हती, पाय आजारी होता. हे आधी ठरवणं गरजेचं, कारण लंगडणं ही नुसती खूण आहे, तिच्यामागे काय वाटेल ते असू शकतं. मरेक रोगात एक पाय पुढे आणि एक मागे पसरून कोंबडी बसून राहते. राणीखेत रोगात पाय लुळे पडतात, पण सोबत मान वाकडी होणं, हिरवट हगवण, धाप असं काहीतरी असतं, आणि एकटीवर थांबत नाही. खवल्यांच्या किडीत नडगीवरचे खवले उचलले जाऊन त्यांखाली पांढरी भुकटी साचते. देवीच्या फोडांच्या खपल्या पायावर येऊ शकतात, पण आधी तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती शोधाव्यात. आणि शहरात, शिंप्याच्या दुकानाजवळ राहणाऱ्यांच्या कोंबड्यांत हमखास सापडणारं कारण म्हणजे बोटाभोवती करकचून आवळलेला दोरा किंवा केस. यातलं काहीच नव्हतं.

संध्याकाळी अंधारून आल्यावर तिला पंचात गुंडाळलं, डोकंही झाकलं. अंधारात कोंबडी निम्मी शांत होते. एक गोष्ट इथेच सांगून टाकते: गुंडाळताना छाती आवळू नये. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड खालीवर हलवूनच तो श्वास घेतो. आपण "घट्ट धर, सुटेल" म्हणत धरतो आणि ती तिथेच गुदमरते. पाय बांधून उलटी लटकवणं तर त्याहून वाईट.

मांडीवर उताणी घेतली आणि टॉर्च मारला. उजव्या पंजाच्या मधल्या मोठ्या गादीवर मसुराच्या डाळीएवढी काळीकुळकुळीत खपली. भोवती सूज, भाजक्या सुपारीएवढी, हाताला गरम. दाबलं की पाय ओढून घ्यायची. डाव्या पंजावर त्याच जागी त्वचा लालसर, गुळगुळीत झालेली, खपली नाही. काटा कुठेच दिसला नाही.

याला इंग्रजीतून आलेलं नाव बंबलफूट. आमच्याकडे वेगळा शब्द नाही. काकी "भोवरी" म्हणतात, कोणी कुरूप म्हणतं, पण ते दिशाभूल करणारं आहे. कुरूप म्हणजे घट्ट झालेली कातडी. हे गळू आहे. गादीच्या कातडीला बारीकसा तडा जातो, त्यातून जंतू आत शिरतात. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जो एरवीही कोंबडीच्या कातडीवर आणि आपल्या नाकात सुखाने राहत असतो. वरचं भोक खपलीने बुजतं आणि आत काम चालू राहतं. पशुवैद्य याच्या ढोबळ पाच पायऱ्या मानतात: नुसती लाली, मग खपली, मग सूज आणि आत पू, मग स्नायूबंधापर्यंत पोचलेला दाह, आणि शेवटी हाड. कवडीचा डावा पाय पहिल्या पायरीवर होता, उजवा तिसरीवर.

पहिले चार दिवस, म्हणजे पोटीस

रुईचा चीक मी घातला नाही. काकींना वाईट वाटलं. पण तो चीक कातडी भाजतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, आणि कोंबडी पायाने डोकं खाजवते. बिब्ब्याचा चटका, चुना-हळदीचा लेप यांचीही तीच गत. घरात गुडघेदुखीचं मलम होतं तेही शेजाऱ्यांनी सुचवलं. त्यात डायक्लोफेनॅक होतं. हेच औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. कोंबडीच्या मूत्रपिंडांनाही ते सोसत नाही. चोळलेलं मलम ती चोचीने पोटात घालणारच.

एवढं सगळं शहाणपण करून मी स्वतः काय केलं? गव्हाच्या पिठाचं, तेल-हळदीचं गरम पोटीस बांधलं. आई माझ्या गळवांना बांधायची तसं. पिकू दे, तोंड धरू दे, मग आपोआप फुटेल आणि घाण निघून जाईल. मराठी माणसाची गळवाबद्दलची सगळी समजूत या "पिकू दे" मध्ये आहे, आणि माणसाच्या बाबतीत ती बरीचशी खरी आहे.

चार दिवस सकाळ-संध्याकाळ पोटीस. सूज तेवढीच. हळदीने कातडी पिवळी झाली, त्यामुळे लाली वाढली की उतरली तेही कळेना. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला. खपली नखाने उचकटली आणि दोन अंगठ्यांनी दाबलं. पू आला नाही. रक्त आलं. कवडी ओरडली नाही, कोंबड्या दुखलं तरी फारसं ओरडत नाहीत, नुसती ताठ झाली आणि चोच उघडी ठेवून श्वास घेत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज गादीतून वर चढून दोन बोटांच्या बेचक्यात आली होती.

आत काय घडतं ते मला नंतर समजलं, आधी समजायला हवं होतं. माणसाच्या ज्या पांढऱ्या पेशी पू करतात त्यांत मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर असतं. कोंबडीत तेच काम करणाऱ्या पेशींना हेटरोफिल म्हणतात, आणि त्यांत ते विकर नाही. म्हणून तिच्या गळवात मेलेलं ऊतक पातळ होत नाही. ते सुकत, घट्ट होत जातं आणि त्याचा पिवळट गड्डा बनतो, आटवून कोरडा पडलेल्या खव्यासारखा. तो वाहत नाही, म्हणून फुटत नाही. दाबलं तर बाहेर न येता बाजूच्या निरोगी भागात जंतू ढकलतो. मी चार दिवस जे पिकायची वाट पाहत होते ते कधीच पिकणार नव्हतं.

पाचव्या दिवसापासून

कवडीला इतरांपासून वेगळं काढलं. रक्त दिसलं की कोंबड्या टोचतात, मग ती सख्खी बहीण का असेना. मागच्या पडवीचा कोपरा जुन्या जाळीने अडवला आणि खाली भाताच्या गिरणीतून आणलेलं तूस चार बोटं जाड पसरलं. पेंढा टाळला, पावसाळ्यात तो दोन दिवसांत दमट होऊन बुरशी धरतो. बसायची दांडी दिली नाही. चढणं-उतरणं बंद.

रोज संध्याकाळी पाय शेकायचा. घमेल्यात घोटाभर कोमट पाणी, लिटरला दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट. हे मॅग्नेशियम सल्फेट औषधाच्या दुकानातून आणावं. शेतीच्या दुकानात याच नावाचं खत मिळतं, स्वस्तही असतं, ते वापरू नये. पाणी किती गरम? कोंबडीचं अंगच ४१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे आपल्या मनगटाला सुखद लागेल इतपत पुरे. दहा-पंधरा मिनिटं. तेवढा वेळ तिने ते पाणी पिऊ नये एवढीच राखण करायची, नाहीतर रात्रभर हगवण. मीठ गड्डा विरघळवत नाही, कोणी कितीही सांगो. त्याचा उपयोग खपली आणि घट्ट कातडी मऊ करण्यापुरता. तेवढाही पुष्कळ.

मग स्वच्छ फडक्याने बोटांच्या बेचक्यांसकट पाय पूर्ण कोरडा करायचा. पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून धुवायचं, वर त्याचंच मलम. हायड्रोजन पेरॉक्साइड मी पहिल्या दिवशी एकदा वापरलं, फेस बघून समाधान होतं खरं, पण ते नव्याने येणाऱ्या मांसालाही जाळतं. पुन्हा हात लावला नाही. हातमोजे प्रत्येक वेळी. हे जंतू आपल्या हातावरच्या चिरेतूनही आत जातात, आणि त्याच हाताने आपण भात वाढणार असतो.

पट्टी बांधायला मला तीन दिवस लागले शिकायला. गॉझची चौकोनी घडी गादीवर. तिच्यावर कापसाचा पिळा करून चुंबळ ठेवायची, डोक्यावर हंडा घेताना ठेवतात तशीच, फक्त नाण्याएवढी. जखम चुंबळीच्या भोकात राहते आणि कोंबडीचा भार कडेवर येतो. त्यावरून क्रेप बँडेजची दोन बोटं रुंद कापलेली पट्टी. गादीवरून निघून एका बेचक्यातून वर, नडगीला वेढा, दुसऱ्या बेचक्यातून खाली. प्रत्येक बोट मोकळं राहिलं पाहिजे. शेवटी चिकटपट्टी. अर्ध्या तासाने बोटं हाताला लावून बघायची. गार लागली किंवा फुगली तर पट्टी घट्ट झाली आहे, सोडून पुन्हा बांधायची. पहिल्या दोन पट्ट्या कवडीने दहा मिनिटांत काढून टाकल्या, तिसरी मी इतकी आवळली की बोटं फुगली.

सातव्या दिवशी दुसरी चूक. पडवीत वाछट आली, पट्टी भिजली. म्हणून मी वरून दुधाची रिकामी पिशवी कापून बांधली आणि हुशारीवर खूश झाले. चोवीस तासांनी सोडली तर आतली कातडी पांढरीफटक, सुरकुतलेली, आमच्या पायांना भातलावणीत येते तशी. वास येत होता. ओल बाहेरून आली नाही, आतलीच बाहेर पडू शकली नाही. पिशवी फेकली. त्यानंतर भिजलं की पट्टी बदलायची, दिवसातून तीनदा बदलावी लागली तरी.

आठव्या दिवशी औषधाच्या एका दुकानात कोंबडीला काही देता का विचारलं तर पुडी पुढे आली. "पाण्यात टाका, सगळ्यांना पाजा." कुठलं औषध, किती दिवस, अंडी खायची की नाही, काही नाही. पुडीवर प्रतिजैविकाचं नाव होतं. मी घेतली नाही. एका पायाच्या गळवासाठी नऊ कोंबड्या आणि त्यांची अंडी खाणारं आमचं घर, सगळ्यांना प्रतिजैविक पाजायचं, हा हिशोब मला पटत नाही. याच सैल वापरामुळे २०१९ मध्ये सरकारला कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्यांसाठी आणि पशुखाद्यासाठी बंद करावं लागलं. शिवाय त्या खव्याच्या गड्ड्यात रक्तच पोचत नाही, तर रक्तातून जाणारं औषध काय पोचणार? गड्डा आत असेपर्यंत नुसतं प्रतिजैविक देणं म्हणजे बंद दाराबाहेर पाणी शिंपडणं.

नवव्या दिवशी वहीत लिहिलंय: "खपली मऊ, निम्मी सुटली. खाली पिवळा टणक भाग दिसतो, हलत नाही. सूज जैसे थे. बेचक्यातली किंचित कमी. अंडं नाही, चौथा दिवस. डावा पाय बरा वाटतो." डाव्या पायाला रोज फक्त शेक आणि मलम चाललं होतं. तो पंधराव्या दिवशी पूर्ण साफ झाला, त्याच्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

सुरी कोणी धरायची

आता प्रश्न एवढाच की गड्डा काढायचा कसा. घरच्या घरी ब्लेडने कोरून काढणारी माणसं मला माहीत आहेत, त्यातल्या काहींच्या कोंबड्या बऱ्याही झाल्या. माझं मत वेगळं आहे. शेकल्यावर खपली आपसूक सुटली आणि तिला चिकटून गड्डा अख्खा निघून आला, तर चिमट्याने उचलावा, धुवावं, पट्टी बांधावी. ओढावं लागत असेल तर थांबावं. गादीच्या खाली लगेच बोटं मिटवणारे स्नायूबंध आहेत आणि रक्तवाहिन्या आहेत. अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली तर कोंबडी जन्मभर त्या पायाने दांडी पकडू शकत नाही. आणि दुखतं. सुन्न करायच्या फवाऱ्यांचा मोह होतो, पण त्यातली औषधं पक्ष्याच्या एवढ्याशा वजनाला पटकन जास्त होतात आणि हृदयावर जातात. मोजून, वजनावर, डॉक्टरनेच द्यायची गोष्ट आहे ती.

दहाव्या दिवशी सुपाऱ्यांच्या करंडीत कवडीला घालून रिक्षाने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. रांगेत दोन गाई, एक कुत्रा, एक बोकड. गाईवाल्याने करंडीत डोकावून विचारलं, "कोंबयेक घेऊन इलंय?" आणि उगाच हसला. डॉक्टर हसले नाहीत. कोंबडी कोणी आणत नाही, म्हणाले, मेली की सांगायला येतात.

त्यांनी वजन केलं, सुन्न करायचं लिग्नोकेन थोडंसं टोचलं, पाय निर्जंतुक केला आणि खपलीच्या कडेने छोटा छेद दिला. गड्डा चिमट्याने धरून हळूहळू फिरवत काढला. चिंचोक्याएवढा, पिवळा, आणि त्याला शेपटीसारखी एक तार, थेट बेचक्याकडे गेलेली. ही माझ्या चौथ्या दिवसाच्या दाबण्याची कमाई. तार राहिली असती तर तिथून पुन्हा सगळं सुरू झालं असतं. पोकळी सलाइनने तीन-चार वेळा धुतली, सळईने चाचपून हाडापर्यंत गेलेलं नाही याची खात्री केली. पाच दिवसांचं प्रतिजैविक वजनाच्या हिशोबाने, आणि वेदनेसाठी तीन दिवस मेलॉक्सिकॅम. सगळं मिळून वीस मिनिटं.

अंड्यांबद्दल मी विचारलं. औषधाच्या वेष्टनावर किती दिवस अंडी-मांस खाऊ नये ते लिहिलेलं असायला हवं, असा नियम आहे. लिहिलेलं नसेल तर अंड्यांसाठी औषध संपल्यापासून कमीत कमी ७ दिवस. डॉक्टरांनी १४ धरा म्हणून सांगितलं, तेच धरले. तसं कवडीने तेवढ्यात एकच अंडं दिलं, मऊ कवचाचं. ते माडाच्या बुंध्याशी पुरलं.

रिक्षा, औषधं, गॉझ धरून आठशेच्या वर खर्च झाला. काकींनी लगेच हिशोब मांडला: "तेवढ्यात दोन तलंगा इल्यो असत्यो." खरं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

हीच का, आणि आत्ताच का

पट्ट्या बदलत बसलं की विचार करायला भरपूर वेळ मिळतो. नऊ कोंबड्या एकाच गोठ्यात झोपतात. जमीन सगळ्यांना तीच, जांभ्याच्या चिऱ्यांची. जांभा पावसाने धुतला की वरची माती जाते आणि दगडाची भोकं-भोकं, करवतीसारख्या कडा उघड्या पडतात. गावठी कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वावरताहेत. मग कवडीलाच का? जड आहे म्हणून, हे अर्धं उत्तर. जड तर ती उन्हाळ्यातही होती.

बाराव्या दिवशी पहाटे मी गोठ्यात जाऊन उभी राहिले. कोंबड्या वाशावर झोपतात, जमिनीपासून साडेपाच फुटांवर. उजाडलं तशा एकेक उतरल्या. गावठी कोंबडी पंख फडफडवत तिरकी तरंगत येते आणि चार पावलं धावून थांबते. कवडीची जागा रिकामी होती, वाशाच्या टोकाला, भिंतीशी. तीन किलोची ही बाई तिथे चढायची कशी? तिला साडेपाच फूट उडता येणं शक्यच नाही. उन्हाळ्यात ती खाली उलट्या पाटीवर झोपायची, हे मला तेव्हा आठवलं.

भिंतीशी फाटी रचली होती. दरवर्षी मिरगाच्या आधी आम्ही पावसाळ्याची लाकडं गोठ्यात भरतो. या वर्षी ती वाशाखालीच, पायऱ्यापायऱ्यांची रचली गेली. कवडीला जिना मिळाला. संध्याकाळी फाट्यांवरून आरामात वर. सकाळी मात्र वळून जिन्याने उतरण्याइतका धीर कुठल्या कोंबडीला असतो? थेट खाली उडी, उघड्या जांभ्यावर, रोज एकदा, महिनाभर. पिकलेला नारळ पडावा तसा धप्प आवाज यायचा सकाळी, आणि तो मी अंथरुणातून ऐकलेलाही होता. माडाखालचं घर, नारळ पडतातच, कोण उठून बघतंय.

भर म्हणून खाणं. उरलेला भात आमच्याकडे रोज कोंबड्यांनाच जातो, आणि सगळ्यात जास्त तिलाच, कारण ती इतरांना खाऊ देत नाही. भाताने वजन वाढतं आणि अ जीवनसत्त्व मिळत नाही, जे कातडी धड राहायला लागतं. पावसाळ्यात चरायला बाहेर पडणं कमी, म्हणजे हिरवं खाणंही कमी.

त्याच दिवशी फाटी हलवली. वाशाखाली जाळी मारून वर चढायची वाट बंद केली आणि दोन फुटांवर नवी दांडी बसवली, दोन इंच रुंद, वरच्या कडा रंध्याने गोल केलेली. गुळगुळीत पाइप नको, त्यावर त्यांना बोटं आवळून धरावं लागतं. दांडीला एक आडव्या पट्ट्या मारलेली फळी टेकवली, उतरायला. खाली तूस चार इंच, दर दोन दिवसांनी दाताळ्याने उलटायचं, ओलं काढून माडांना टाकायचं. भात एक मूठ, त्यासोबत भरडलेला मका आणि शेवग्याचा पाला. गावठ्या कोंबड्यांनी नव्या दांडीवर बहिष्कार टाकला आणि चार दिवस कोंबडा गोठ्याच्या दारावर झोपला. मग आले सगळे.

जखम भरताना

सात दिवस रोज पट्टी, नंतर दिवसाआड. पोकळी तळापासून भरत वर आली पाहिजे, वरून कातडी मिटून आत पोकळ राहता कामा नये, म्हणून पहिले दिवस आत मलम लावलेल्या गॉझची बारीक वात ठेवायची. सोळाव्या दिवशी तळाशी गुलाबी, दाणेदार मांस दिसलं, डाळिंबाच्या कच्च्या दाण्यांसारखं. वास नाही. सूज निम्म्याहून कमी. अठराव्या दिवशी ती जाळीला धडक मारायला लागली, मी ते चांगलं लक्षण धरलं.

एकविसाव्या दिवशी वर पातळ, चमकदार कातडी. पट्टी सुटी केली, पण तुसावरच ठेवली. सव्विसाव्या दिवशी गोठ्यात सोडली. तीन आठवड्यांत तिची जागा गेली होती. दुसऱ्या क्रमांकाच्या काळीने तिला दाण्यांवरून हाकललं, दोन दिवस भांडणं चालली आणि तिसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. एकेचाळिसाव्या दिवशी अंडं, घट्ट कवचाचं. ते आम्ही खाल्लं. वजन तेव्हा २ किलो ८५० ग्रॅम. गादीवर अजून बोटाला लागेल असा घट्ट वण आहे, तो राहील.

दर रविवारी रात्री टॉर्च घेऊन मी सगळ्यांचे तळवे बघते. दांडीवर बसलेल्या कोंबडीचं बोट हळूच उचललं की ती कुरकुरते, पण उठत नाही. भाद्रपदात काळीच्या डाव्या पायावर लाल गुळगुळीत डाग सापडला. शेक, आयोडिन, मलम. सहाव्या दिवशी गेला. त्यात वहीची दोन पानंसुद्धा भरली नाहीत.

मार्गशीर्षात एका संध्याकाळी काकी त्यांचा कोंबडा पदरात गुंडाळून घेऊन आल्या. छाती मोकळी, डोकं झाकलेलं, अगदी व्यवस्थित. "बघ गो ह्याचो पाय. काय्येक लावूक नाय हां मी." मी हातमोजे घातले, घमेलं मागवलं, एप्सम सॉल्ट काढलं, चष्मा लावला. टॉर्चच्या उजेडात गादीच्या कडेला एक बारीक काळं टोक दिसलं. चिमट्याने धरून ओढलं तर अर्ध्या इंचाचा करवंदीचा काटा निघाला.

काकींनी तो तळहातावर घेऊन उजेडात धरला. "सांगलंय मा," म्हणाल्या, "काटो!"